एक्सरेवाला चित्रकार

मी आमच्या तालुक्याच्या गावी एक्सरे काढतो, दिवसभर कोणाची छाती नाहीतर मोडलेला हात, अन् रात्री वहीत पऱ्हाटीत कापूस वेचणाऱ्या बाया. घरचे म्हणतात, एक काय ते धर ना बावा! म्हणून चित्रकार सुधीर पटवर्धन सापडले तेव्हा लय बरं वाटलं. जन्म 1949 चा, पुण्याचा, 1972 ला डॉक्टर झाले, चित्रकला स्वतःच शिकले, अन् 1975 ते 2005 ठाण्यात रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्सरे वाचणारे डॉक्टर! तीस वर्षं दोन्ही धरलं की माणसानं, मग फुलटाइम चित्रं.

सुरुवातीच्या चित्रांत माणूसच मोठा, जाडजूड, इराणी हॉटेलात टेबलाशी बसलेला वगैरे, मग हळूहळू माणसं लहान होत गेली अन् शहर पसरलं, पूल, रूळ, चाळी, गिरण्या, 2001 चं 'लोअर परेल' मोबाईलवर झूम करून पाहता पाहता माझा चहा थंड झाला. मले स्वतःले जुनी मोठी माणसंच आवडतात, सांगून ठेवतो.

काल एक बाई काढली, ओटीत कापूस कोंबलेला, कंबरेत वाकलेली. पाठीचा बाक बरोबर आला, मणके रोजच पाहतो ना. बोटं मात्र अजून भेंडीसारखी येतात.