पुणे-लेह-पुणे: तक्ता किलोमीटरवर नाही, मुक्कामाच्या उंचीवर

पुण्याहून स्वतःच्या गाडीने लेहला जायचं ठरल्यावर आम्ही चौघांनी आधी किलोमीटर मांडले. तिथेच चुकलं. मैदानात दिवसाला साडेपाचशे-सहाशे किमी होतात, त्याच मापाने डोंगरही मोजला आणि सोळा दिवसांचा तक्ता तयार झाला. दुसरा तक्ता केला तो रात्री कुठे झोपायचं आणि ती जागा किती उंच आहे, यावरून.

श्रीनगर साधारण १,६०० मीटर, कारगिल २,७००, लेह ३,५००. या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते. मनालीकडून चढलं तर वाटेतला नेहमीचा मुक्काम सरचू ४,२९० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही उंच. डोकेदुखी आणि उलट्यांचा त्रास तिथेच जास्त होतो. म्हणून जाताना श्रीनगर, येताना मनाली. परतीला सरचूला न थांबता लेह ते जिस्पा (मनालीच्या अलीकडचं गाव) एका दिवसात उरकायचं, पहाटेच निघून.

मुक्काम असे ठरले: इंदूर, जयपूर, अंबाला, उधमपूर, श्रीनगर, कारगिल, लेह. म्हणजे सात दिवस. लेहमध्ये पहिले दोन दिवस फक्त आराम. खारदुंगला खिंड, पँगाँग सरोवर त्यानंतर, त्यासाठी तीन दिवस. परतीला सहा. आणि दोन दिवस मोकळे. हे दोन दिवस कुणी कितीही आग्रह केला तरी कापू नका. उधमपूर-श्रीनगर वाटेवर रामबनजवळ दरड आली किंवा श्रीनगरपुढच्या झोजिला खिंडीत वाहतूक थांबली की तेच कामाला येतात. झोजिलावर वाहनं सोडण्याच्या वेळा बदलत असतात, त्या आदल्या संध्याकाळीच विचारून घ्यायच्या. उंचीवरच्या त्रासासाठीची अॅसिटाझोलामाइडची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

आता पैसे. सगळं फिरून साधारण ५,६०० किमी. लिटरला १४ किमी धरले तर ४०० लिटर, लिटरमागे १०० रुपयांनी ४०,००० रुपये, म्हणजे माणशी दहा हजार. निघण्यापूर्वीच प्रत्येकाकडून एकरकमी पैसे एका खात्यात जमा केले. वाटेत पंपावर हिशेब करत बसलं की कुरबुर होतेच. फास्टॅगचा वार्षिक पास (२०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते; २०२५ मध्ये तो ३,००० रुपयांना होता) राष्ट्रीय महामार्गांवर चालतो, पण राज्यांच्या द्रुतगती मार्गांवर नाही. त्यामुळे टॅगमध्ये वेगळी शिल्लक लागतेच.

गाडी चौघांपैकी एकाच्या नावावर असलेली उत्तम. बाहेरून भाड्याने आणलेल्या गाडीला लडाखमध्ये स्थानिक टॅक्सीवाले अडवतात. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बंद पडतं. निदान दोघांचं पोस्टपेड हवं, आणि तेही निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी करून घेतलेलं.

इंधनाचं खरं गणित परतीच्या वाटेवर आहे. लेहहून निघाल्यावर कारूला टाकी पूर्ण भरायची, कारण पुढचा भरवशाचा पंप टांडीला, म्हणजे जवळपास ३३० किमीवर. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते, गिअर खालचे लागतात आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून नेहमीच्या अ‍ॅव्हरेजमधून तीस टक्के वजा करूनच टाकी पुरेल का ते बघा. कॅन न्यायचाच असेल तर पाच लिटरचा धातूचा, वरती थोडी जागा मोकळी ठेवून. पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल नको.

टायरच्या हवेबद्दल बराच गोंधळ असतो. बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे लेहमध्ये गेज साधारण चार पीएसआय जास्त दाखवतं, पण थंडीने त्यातले दोन-तीन कमीही होतात. त्यामुळे वाटेत घाटात थांबून हवा सोडत बसू नका. लेहला पोचल्यावर सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी एकदा तपासा.

क्लच मात्र जपा. चढावर रांगेत उभं राहताना अर्धा क्लच धरून गाडी रोखली की प्लेट जळते, हँडब्रेक ओढा. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच राहा. ब्रेक सतत दाबून धरले तर ऑइल तापतं आणि पेडल खाली जातं. ते ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्यापूर्वी बदलून घ्या. स्टेपनीवर सामान रचू नका. पंक्चर झाल्यावर चौघांच्या बॅगा चिखलात उतरवाव्या लागतात.