"कोणी विचारलंच नाही"

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या पोरासोबत कोर्टात गेलो होतो. मारपिटीची केस आहे, पोरगा पेंटिंगची कामं करतो, वकील लावायला पैसा नाही म्हणून विधी सेवेतून, म्हणजे सरकारी मोफत मदतीतून, वकील मिळाले आणि त्यांच्या हातात कागदपत्रं पडली ती त्याच दिवशी सकाळी. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या पाच मिनिटं बोलणं झालं तेवढ्यात शिपायाने पुकारा केला. साक्षीदाराचा जबाब झाला, आपल्या बाजूने उलटतपास नाही असं नोंदवलं, आणि लगेच आरोपीचा जबाब, म्हणजे पुराव्याबद्दल कोर्ट आरोपीलाच विचारतं तो, ज्याला सगळे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यातल्या कलमावरून ३१३च म्हणतात, नव्या कायद्यात ते कलम ३५१ झालंय. प्रश्न चार-चार ओळींचे आणि पोराचं उत्तर दरवेळी एकच, माहीत नाही. बाहेर आल्यावर म्हणतो, "दादा, काय विचारून राहिले होते काहीच समजलं नाही, म्हणून माहीत नाही म्हटलं."

पोटात कालवाकालव झाली हो ऐकून.

केसेस वर्षानुवर्षं रखडतात हे मलाही दिसतं. लवकर सुनावणी हा घटनेच्या कलम २१ मधला, जगण्याच्या हक्कातलाच, हक्क आहे हे सुप्रीम कोर्टाने हुसैनारा खातून केसमध्ये १९७९ सालीच सांगितलंय. पण तो हक्क आरोपीचा आहे ना, तो काही कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, रिकामा करण्यासाठी दिलेला नाही! मध्य प्रदेशातलं खांडवा आपल्यापासून फार लांब नाही, तिथे २०१३ मध्ये एका माणसाला चार्ज फ्रेम (आरोप निश्चित) झाल्यापासून दोन आठवड्यांच्या आत फाशी सुनावली, आणि वकील दिला तो चार्ज फ्रेम झाला त्याच दिवशी. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती शिक्षा रद्द करून केस परत चालवायला लावली, वर सांगितलं की फाशी-जन्मठेपेच्या केसमध्ये किमान दहा वर्षं प्रॅक्टिस झालेला वकील द्या आणि तयारीला साधारण सात दिवस तरी द्या. तो माणूस २०२४ मध्ये निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली त्याची.

मग मारपिटीतल्या पोराला सात दिवस सोडा, एक दिवस तरी द्या. घाई करायची तर समन्स बजावण्यात करा, साक्षीदार वेळेवर आणण्यात करा, सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, मागवण्यात करा, उलटतपासात नको.

आता साक्षीदाराला परत बोलवायचा अर्ज दिलाय, जुन्या कलम ३११ खाली, म्हणजे आताच्या ३४८ खाली. काल रात्री पोरगा वही घेऊन घरी आला. साक्षीदार म्हणतो खांबाच्या लाइटात चेहरा दिसला, आणि त्या गल्लीतला तो लाइट तेव्हा महिनाभरापासून बंदच होता. मी म्हटलं, अरे मग हे कोर्टात का नाही सांगितलं?

"कोणी विचारलंच नाही, दादा."