ओळंब्याबाहेर

आमच्या घराचं बांधकाम चालू होतं तेव्हा आजोबा रोज संध्याकाळी भिंतीपाशी ओळंबा सोडून बघायचे. सुतभर फरक दिसला की गवंड्याची खैर नसे. त्या आजोबांना इंग्लंडमधल्या चेशर परगण्यातलं लिटल मोरेटन हॉल दाखवायला हवं होतं. त्यांना घेरीच आली असती.

भोवती पाण्याचा खंदक आणि मधे हे घर. एकही रेघ सरळ नाही. खिडक्या कललेल्या, मजले पुढे झुकलेले, जमीन लाटेसारखी. मोरेटन घराण्याने 1504 च्या सुमारास ते बांधायला घेतलं आणि पुढची शंभरेक वर्षं पिढ्यान् पिढ्या वाढवत नेलं. मग कुणालातरी सर्वांत वरच्या मजल्यावर लांबलचक दालन हवंसं वाटलं. मूळ बेतात ते नसावं. एकवीस मीटर लांब दालन, त्यावर दगडी फरश्यांचं छप्पर! खालच्या लाकडांनी ते वजन मुकाट्याने घेतलं, पण चेहरा वाकडा करून.

तरी पडलं नाही, कारण सांगाडा ओक लाकडाचा आहे. हे लाकूड ओलं असतानाच कापत. एकाला कुसू, म्हणजे पुढे काढलेली जीभ, दुसऱ्याला भोक आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. वाळताना लाकूड आक्रसतं, पिळवटतं, पण सांधा आणखी घट्ट होतो. सांगाड्यातले चौकोन भरायला काटक्यांची वीण आणि तिच्यावर माती, शेण, गवताचं लिंपण. म्हणजे कुडच की! कोकणात वाढलेल्या माणसाला परदेशात इतकं घरचं काही भेटेल असं वाटलं नव्हतं. फक्त आमच्या कुडावर कुणी तिकीट लावलं नाही.

आणि अशा घरांचे ते प्रसिद्ध पट्टे, काळं लाकूड नि पांढरं लिंपण? ती बरीचशी व्हिक्टोरियन काळातली हौस. मुळात ओक उघडाच असे, ऊनपाऊस खाऊन रुपेरी करडा झालेला. मला तोच जास्त आवडला असता.

घर टिकलं त्याचं श्रेय थोडं दारिद्र्यालाही द्यावं लागेल. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात मोरेटन राजाच्या बाजूने होते. 1643 मध्ये पार्लमेंटच्या लोकांनी घर ताब्यात घेतलं. पुढे ते परत मिळालं, पण पैसा गेला तो गेलाच. घर शेतकरी कुळांना भाड्याने गेलं. हाती पैसा असता तर पुढच्या कुणी वारसाने ते पाडून विटांचा सरळसोट बंगला उठवला असता. शेवटी 1938 मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं.

वरच्या दालनात पावसाळी दिवसांत खेळ चालत. तिथल्या भिंतींना लावलेल्या लाकडी फळ्यांमागे जुने टेनिसचे चेंडू सापडले आहेत. कुणाचा तरी हरवला होता, आणि घराने तो जपून ठेवला.

माझं मन मात्र अंगणातल्या खिडक्यांवर अडकलं. तिथे 1559 साल आणि मालकाचं नाव कोरलं आहे. त्याच्याच जोडीला सुताराचंही, रिचर्ड डेल. या खिडक्या देवाच्या कृपेने आपण केल्या, असं तो सांगतो. आणि हुद्दा? ‘कार्पेडर’. मधली अक्षरं कुठेतरी भुशात पडली असावीत.