तंबूला कडी नसते

तंबूच्या बाहेर कुणीतरी खाकरलं. थोडं थांबून पुन्हा खाकरलं. दुसरं खाकरणं पहिल्याहून जरा मोठं, पण अदब राखून. गादीवर पसरलेला नवरा म्हणाला, "कुणाला तरी सर्दी झालेली दिसतेय." तेवढ्यात कापडापलीकडून आवाज आला, "ताई, च्या आनलाय."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तंबूला दार असतं, पण कडी नसते. बेल नसते, वाजवायला लाकूड नसतं, आणि कापडावर थाप मारली तर ते नुसतं फडफडतं. मग आत माणसं असताना बाहेरच्यानं करायचं काय? तर खाकरायचं. माझे आजोबा माजघरात पाऊल टाकण्याआधी असेच खाकरायचे, आणि चुलीपुढच्या बायका पदर सारखा करायच्या. ही पद्धत ब्लॉकमध्ये राहायला गेलेल्या पिढीबरोबर संपली असं मी धरून चालले होते. ती कळसूबाईच्या पायथ्याशी, चेन लावलेल्या तंबूच्या दारात, हातात चहाचे ग्लास घेऊन उभी होती.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, नवरा, बारा वर्षांची लेक आणि माझी आई. मे संपत आला होता. कसारा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून घोटीला उजवीकडे वळलो आणि बारी गावाच्या पुढे भंडारदऱ्याच्या बाजूला एका उतारावर पोचलो. जागा एका कुटुंबाची. नवरा-बायको, दोन मुलगे, एक सून आणि मालकाची आई, जिला सगळं गाव आक्का म्हणतं. माणशी 1800 रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि काजवे. 'काजवे धरून' असं मालक फोनवर म्हणाला होता. मला वाटलं, धरून दाखवणार आहे.

या प्रकाराला ग्लॅम्पिंग म्हणतात, हे लेकीनं गाडीत समजावून सांगितलं. ग्लॅमर आणि कॅम्पिंग यांची संधी. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पैसे देऊन तंबूत झोपायचं?"

तिचा प्रश्न तिच्या बाजूनं रास्त होता. तिचा जन्म संगमनेरजवळच्या एका गावातला, कुडाच्या घरातला. पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात कुठलं पातेलं ठेवायचं हे तिला अजून पाठ आहे. लग्नानंतर चाळीतली खोली, आणि मग डोंबिवलीत ब्लॉक. त्या ब्लॉकच्या डोक्यावरच्या स्लॅबसाठी तिनं आणि बाबांनी पंधरा वर्षं हप्ते फेडले. अशा बाईला जावयानं हौसेनं कापडाखाली आणून निजवायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

तंबू मात्र देखणा होता. खाकी जाड कापड, आत लोखंडी पलंग, पलंगावर गोधडी, कोपऱ्यात कंदील. कंदिलात एलईडीचा दिवा. विजेच्या बोर्डाभोवती सुतळी गुंडाळलेली, म्हणजे तो बोर्ड नाही असं आपण समजायचं. बाहेर बैलगाडीचं चाक झाडाला टेकवलेलं, त्यावर दिव्यांची माळ. जेवणाच्या मांडवापाशी एक जुना पाटा-वरवंटा ठेवलेला, त्यावर फुलांची कुंडी. आणि त्या पाट्याला दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरातून मिक्सरची घरघर अखंड ऐकू येत होती.

घरची मंडळी कुठे राहतात म्हणून चौकशी केली, तर मालकानं मागच्या दोन खोल्या दाखवल्या. विटांच्या, सिमेंटच्या, वर स्लॅब, तोच पुढे पडवीवर आलेला. त्याची हकिगत अशी की त्यानं आधी त्या खोल्याच बांधल्या होत्या, पाहुण्यांसाठी. कर्ज काढून, फरशी घालून. दोन वर्षं कुणी फिरकेना. "लोक यायचे, बगायचे अन् म्हनायचे, सिमेंटच्या खोल्या तं आमच्याकडं बी हायेत." मग थोरल्या मुलानं मोबाइलवर कुठले कुठले व्हिडिओ बघितले आणि चार तंबू आणले. तंबू भरायला लागले आणि रिकाम्या खोल्यांत घरचे राहायला गेले. "तुमच्यामुळं आमाला सलाप भेटला," असं हसून म्हणाला तो. आमच्यामुळे, म्हणजे सलाप सोडून आलेल्या सगळ्यांमुळे.

तंबूंच्या पलीकडे बांबूच्या दोन त्रिकोणी झोपड्या होत्या. छत थेट जमिनीपर्यंत उतरलेलं, पुढे काचेचं दार. यांचं भाडं तंबूहून जास्त. लेक म्हणाली, "आजी, ही ए-फ्रेम."

आईनं चष्मा सारखा केला. "ए कसली? ही तर कोपी!"

आणि खरंच कोपी होती. ऊसतोडीला आलेली माणसं फडाजवळ उभारतात ती. बांबू तिरके टेकवायचे, वर पाचट नाहीतर ताडपत्री, आत एक संसार. आईच्या लहानपणी त्यांच्या गावाबाहेर दर हिवाळ्यात अशा कोप्यांची रांग उभी राहायची आणि गाळप संपलं की एका रात्रीत नाहीशी व्हायची. आकार तोच का, याचं कारण सरळ आहे. दोन तिरक्या बाजू एकमेकींना टेकल्या की भिंत लागत नाही, आणि कमीत कमी सामानात पाऊस दोन्हीकडे ओघळून जातो. गरजेनं शोधलेला आकार काच लावून महाग झालेला बघताना मला थोडी लाज वाटली आणि, खोटं कशाला बोलू, आपण तीच घ्यायला हवी होती असंही वाटलं.

तंबूला आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती. पाल, राहुटी, डेरा, कनात, शामियाना. नुसता शब्द ऐकला तरी आत कोण असेल ते कळतं. पाल पोटासाठी फिरणाऱ्यांचं, राहुटी शिपायाची, शामियाना लग्नातला. आणि खऱ्या अर्थानं ग्लॅम्पिंग म्हणाल तर ते मोगलांनी केलं. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात तो राहायचा आणि दुसरा पुढच्या मुक्कामाला आधीच रवाना व्हायचा. त्याला पेशखाना म्हणत. मराठ्यांचा निकाल लावायला औरंगजेब दक्षिणेत उतरला तो पुढची पंचवीस वर्षं मुख्यतः छावण्यांतच राहिला, आणि 1707 साली मेला तोही घरी नाही, आमच्याच नगरला, भिंगारच्या छावणीत. तुळापूरला त्याच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण कापून घेऊन गेले, ही गोष्ट तर प्रत्येक मराठी पोराला तोंडपाठ. आमच्या तंबूला कळस नव्हता. टोकाला एक प्लॅस्टिकचा टोप होता, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

संध्याकाळी आई दिसेना. शोधलं तर ती मागच्या अंगणात आक्कांबरोबर खाटेवर बसलेली. पुढे कापडावर बाळहिरडा वाळत घातलेला. हिरड्याचं कोवळं फळ झाडावरून उतरवायचं, वाळवून काळं कुळकुळीत झालं की व्यापाऱ्याला विकायचं. औषधाला जातं. या डोंगरातल्या महादेव कोळी घरांना पावसाळ्याआधी हाताशी येणारा तेवढाच रोख पैसा, तंबू यायच्या आधी तर नक्कीच. दोघी हिरडा निवडत होत्या. "माहेर कुठलं?" पासून सुरुवात होऊन दहा मिनिटांत आक्कांच्या कुणा पुतणीला आईच्या गावाशेजारी दिल्याचं निष्पन्न झालं होतं. आता आमची गणती पाहुण्यांत होत नव्हती, किंवा आत्ताच खरी व्हायला लागली होती.

आक्कांनी आईला धरणाची गोष्ट सांगितली. भंडारदऱ्याचं धरण इंग्रजांनी 1910 मध्ये बांधायला घेतलं ते 1926 मध्ये पुरं झालं. आक्कांचे आजेसासरे त्यावर दगड वाहायला होते. "तवा समद्यांची पालंच व्हती. सायबाचा तंबू तेवढा येगळा. त्याला आतमदी खाट व्हती म्हनं." आईनं वळून आमच्या तंबूकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जावयाबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर दिसला.

जेवायला नाचणीची भाकरी, पिठलं, कांद्याची पात आणि ठेचा. ठेचा मिक्सरमधला नाही. आक्कांकडे दुसरा पाटा होता, कुंडी न ठेवलेला.

काजवे बघायला आठ वाजता निघालो. मालकाच्या धाकट्या मुलानं वाटेतच नियम सांगितले: गाडीचे दिवे बंद, मोबाइल खिशात, बोलायचं नाही. टॉर्चवर त्यानं लाल जिलेटिनचा कागद बांधलेला. ओढ्याच्या काठानं दहा मिनिटं चाललो आणि तो थांबला. आधी काहीच नाही. मग एक ठिपका, मग पाचसहा, आणि मग समोरचं अख्खं सादड्याचं झाड एकदम लुकलुकलं. फांद्या दिसत नव्हत्या, पानं दिसत नव्हती. झाडाचा नुसता आकार उजेडात काढलेला. विझलं. पुन्हा पेटलं. शेजारच्या बेहड्यानं त्याला उत्तर दिलं.

मुलगा कुजबुजत सांगत होता. चमकत उडतात ते नर. प्रत्येक जातीचा चमकण्याचा ताल निराळा, आणि मादी खाली झुडपात बसून आपल्या जातीच्या तालाला तेवढं उत्तर देते. म्हणजे हीसुद्धा एक प्रकारची खाकरण्याचीच पद्धत. बाहेर कोण आहे ते कळवायचं आणि आतून 'या' येण्याची वाट बघायची. पहिला जोराचा पाऊस पडला की हा सोहळा आवरतो. अळ्या पुढे महिनोन्‌महिने ओल्या जमिनीत गोगलगायी खात वाढतात, आणि पंख फुटल्यावर मिळतात ते जेमतेम काही आठवडे. एवढं ऐकून होतंय तोवर पलीकडच्या वळणावर कुणाच्या तरी गाडीचे प्रखर दिवे लागले, त्यामागून गाणं आलं, आणि झाड विझलं ते विझलंच. आम्ही बराच वेळ काळोखाकडे बघत उभे राहिलो. मुलगा काही बोलला नाही. त्यानं फक्त लाल टॉर्च दुसऱ्या हातात घेतला.

परत आल्यावर आईनं जाहीर केलं की ती पडवीत झोपणार. आक्कांनी वाकळ अंथरली होती. "तिथं भिंतीला पाठ टेकता येते," एवढंच कारण. नवऱ्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, तिच्या वाटची गादी तुला.

रात्री एकच्या सुमाराला वळीव आला. आधी मातीचा वास, म्हणून आम्ही खूश. मग वारा. तंबू श्वास घेतल्यासारखा फुगायला लागला आणि कण्हत सैल पडायला लागला. कापडावरचा पाऊस फार मोठा वाटतो. पत्र्यावरचा पाऊस वाजतो, कापडावरचा अंगावर धावून येतो. एक दोरी सुटली. टोकाचा प्लॅस्टिकचा टोप फट्कन उडाला आणि बरोबर मधोमध पाण्याची धार लागली, नवऱ्याला मिळालेल्या आईच्या गादीवर. अंधारात तो म्हणाला, "संताजी आले." लेक रडायच्या बेतात होती ती हसायलाच लागली.

अशा पावसातही बाहेर खाकरणं ऐकू आलं. वारा, विजा, मेखा उपटलेल्या, आणि तरी तो माणूस दाराबाहेर उभा राहून आधी खाकरला, मगच म्हणाला, "ताई, चला घरात." चेन अडकली होती. तिघांनी मिळून ती ओढली आणि डोक्यावर गोधडी धरून पळत पडवी गाठली. तिथे बाकीच्या तीन तंबूंतली माणसं आधीच दाटीवाटीनं बसलेली. कोपीतलं नाशिकचं जोडपं आलं नव्हतं. कोप्या कोरड्या होत्या.

आई भिंतीला पाठ लावून गाढ झोपली होती. आक्का जाग्या होत्या. पायानं लेकीसाठी जागा करत म्हणाल्या, "ये गं. ह्यो सलाप हाये, गळत नाय."

सकाळी सगळं धुऊन निघालेलं, कळसूबाईच्या माथ्यावर ढग टेकलेला. भाजलेल्या राबाच्या काळ्या चौकटी ओल्या होऊन आणखी काळ्या दिसत होत्या. पाऊस लागला की त्यांत भाताचं रोप पेरायचं. मालक तंबूंच्या मेखा ठोकत होता, दुपारी पुढचे पाहुणे यायचे होते. हिशेब करताना त्यानं तिघांचेच पैसे लावले. मी आईचे देऊ केले तर आक्का आतूनच ओरडल्या, "ती आपल्याकं निजली व्हती, तिचं कसलं पैसं?" आम्ही तिघंही मध्यरात्रीपासून तिथेच निजलो होतो, पण तो मुद्दा मी काढला नाही. निघताना आईच्या पिशवीत वालाच्या बियांची एक पुरचुंडी होती. तिच्या बदल्यात तिनं काय दिलं ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही; घरी आल्यावर तिची निळी शाल मात्र सापडली नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मी अर्धवट झोपेत होते. आमच्या बेडरूमला चांगलं सागवानी दार आहे, पितळी कडी आहे. बाहेर कुणीतरी खाकरलं. थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्यानं.

नवरा पांघरुणातूनच म्हणाला, "आई, या."

"च्या आनलाय," आई म्हणाली.