टेस्ट हिरवी, बटण अर्धं

आमच्या ॲपमध्ये मराठी आली त्या रात्री निम्म्याहून जास्त टेस्ट लाल, म्हणजे नापास. कारण अगदी साधं, ॲपियमच्या (ॲप आपोआप चालवून तपासणारं साधन) टेस्ट आम्ही बटणावरचा मजकूर शोधून लिहिल्या होत्या, "कन्फर्म" दिसलं की टॅप कर, आणि आता तिथे कन्फर्म नाहीच, मग सापडणार काय. दोन दिवस बसून सगळ्या बटणांना आयडी, म्हणजे आतली ओळखनावं, दिले, अँड्रॉइडला रिसोर्स आयडी, आयफोनला ॲक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर. भाषा बदलली तरी आयडी तोच राहतो. सगळं हिरवं झालं, रिलीज केलं.

चारच दिवसांनी बाबांचा फोन. "अगं, इथे दोन बटणं आहेत, दोन्हीवर 'व्यवहार' आणि पुढे तीन टिंबं. दाबू कुठलं?" एक होतं "व्यवहार रद्द करा", दुसरं "व्यवहार पूर्ण करा". बाबांच्या फोनवर अक्षरं मोठी केलेली, बटण अरुंद. पैसे पाठवायच्या स्क्रीनवर हे! मला खरंच फार वाईट वाटलं.

टेस्ट मात्र पास होती, कारण टेस्ट व्ह्यूला, म्हणजे पडद्यावरच्या त्या बटणाला किंवा घटकाला, मजकूर विचारते आणि व्ह्यू पूर्ण वाक्य सांगतो, पडद्यावर किती दिसतंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एस्प्रेसोमध्ये (अँड्रॉइडच्या टेस्ट लिहायचं साधन) यासाठी तयार चेक आहे, नोएलिप्साइज्डटेक्स्ट, पूर्ण स्क्रीनवर लावला की टिंबं आलेला प्रत्येक मजकूर पकडतो. कंपोजमध्ये (अँड्रॉइडवर स्क्रीन बनवायची नवी पद्धत) तो चालत नाही, तिथे टेक्स्टचा लेआउट मागवून ओव्हरफ्लो झालाय का, म्हणजे मजकूर जागेत मावत नाहीये का, ते आपणच बघायचं. आणि हे सगळं इंग्रजीत, नॉर्मल फॉन्टवर चालवून काही उपयोग नाही! एमुलेटरची (कॉम्प्युटरवर चालणारा नकली फोन) भाषा मराठी करा आणि एडीबीने (कॉम्प्युटरवरून फोनला कमांड द्यायचं साधन) फॉन्ट स्केल १.३, म्हणजे अक्षरांचा आकार १.३ पट, करा, जमलं तर त्याच्याही वर, अँड्रॉइड १४ पासून तर लोक २०० टक्क्यांपर्यंत अक्षरं मोठी करू शकतात.

एक गोष्ट मात्र या चेकमधूनही सुटते. बटणाची उंची फिक्स ठेवली असेल तर वेलांटी नाहीतर रफार वरून कापला जातो, टिंबं येत नाहीत, म्हणून चेक गप्प. त्यासाठी स्क्रीनशॉट टेस्टच, म्हणजे आताचा स्क्रीनशॉट आधी सेव्ह केलेल्याशी ताडून बघणारी, आणि पहिला स्क्रीनशॉट मराठी वाचणाऱ्या माणसाने डोळ्यांनी बघून मान्य केलेला हवा, नाहीतर कापलेला रफारच बरोबर म्हणून सेव्ह होतो.

बटणांवर आता "रद्द करा" आणि "पाठवा" आहे. बाबांच्या फोनवर दोन्ही पूर्ण दिसतात, रविवारी स्वतः जाऊन बघून आले.