चौथी 'ब'ची पेटी

स्मरणिका समितीने 'शाळेने मला काय दिलं' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. शिस्त, संस्कार, सांघिक भावना यांवर बाकीचे लिहितीलच. मी आपला चौथी 'ब'च्या पत्र्याच्या पेटीवर लिहितो.

आमचं वर्गवाचनालय म्हणजे ही पेटी. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पातळ पुस्तकं, 'किशोर'चे सुटे अंक, आणि पहिलंच पान गेल्यामुळे ज्यांचं नाव आम्हाला कधी कळलं नाही अशी काही. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला पेटी उघडायची. कडी तुटकीच होती, त्यामुळे एरवीही उघडायची. पुस्तकाची शिवण उसवली की शिपाईमामा दाभण घेऊन बसत.

बाल पुस्तकालयाची एक गंमत होती. एकच पुस्तक अनेक भाषांत निघायचं आणि चित्रं तीच असायची. आमच्या चाळीतला एक मित्र गुजराती शाळेत होता. त्याचं आणि माझं पुस्तक गॅलरीत शेजारी-शेजारी उघडून मी गुजराती वाचायला लागलो. डोक्यावरची रेघ पुसली की गुजराती आलं, असा माझा शोध होता. 'क' आणि 'ज' यांनी तो लगेच हाणून पाडला.

पेटीत लोककथा आणि निसर्गाची पुस्तकं एकमेकांवर रचलेली असत, आणि भांडण तिथूनच लागलं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर पिंपळ. 1982च्या एप्रिलमध्ये त्यावर कावळ्याने घरटं बांधलं. काटक्या होत्या, पण त्याहून जास्त लोखंडी तारा. मागच्या बाकावरचा एक जण उठून म्हणाला, "बाई, काऊचं घर शेणाचं नाहीये." आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत. "कशाचं आहे ते नीट बघ आणि लिहून आण," एवढंच म्हणाल्या. गोष्ट खोटी आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि खरी आहे असंही नाही.

मग आम्ही ते घरटं सोडलंच नाही. त्याच्या आसपास एक तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा पक्षी घुटमळायचा. पक्ष्यांच्या पुस्तकात सापडलं, ही कोकिळा. कुहूकुहू करणारा काळाभोर, लाल डोळ्यांचा तो नर. ही मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि ते कावळ्याच्या अंड्यांआधी फुटतं. त्यावर एक मैत्रीण म्हणाली, "शेणाचं बांधलं तर वाहून जातं, तारेचं बांधलं तर आत दुसऱ्याचं पोर. कावळ्याने करायचं काय?" अंड्यांचं पुढे काय झालं ते कळायच्या आत सुट्टी लागली.

गोष्टीचं पुस्तक मी घरी नेलं होतं. वडील घरीच होते. 18 जानेवारीपासून गिरण्यांचा संप सुरू होता, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. लालबागमध्ये भोंग्याशिवाय सकाळ व्हायला लागली होती. वडिलांनी पुस्तक वाचलं आणि म्हणाले, "आमच्या साताऱ्याकडं असं नाय. चिमणी त्याला तापल्या तव्यावर बसवती." शेजारच्या मालवणी काकूंचा कावळा आणखी वाईट. घरात घेतल्यावर तो रात्री कोपऱ्यात कुडुमकुडुम काहीतरी खातो, विचारलं तर सुपारी म्हणतो, आणि सकाळी चिमणीची अंडी नाहीशी! पुस्तकात मात्र चिमणी दार उघडते आणि सगळं गोड होतं. मुलं घाबरतील म्हणून तवा काढला असावा. आम्हाला तवाच आवडला.

बाईंना हे सांगितल्यावर त्यांनी सगळ्यांनाच घरी विचारून यायला लावलं. कुणाच्या आजीची, कुणाच्या मामाची, एकेक पानभर गोष्ट जमली. शिपाईमामांनी ती पानं दाभणाने शिवली, बाईंनी खाकी कव्हर घालून क्रमांक टाकला आणि वही पेटीत गेली. सगळ्यात जास्त मागणी तिलाच. कारण साधं होतं, प्रत्येकाला आपलं पान दुसऱ्याला दाखवायचं असायचं.

जूनमध्ये पाचवीत काही बाकं रिकामी होती. संप मिटत नव्हता, खोलीचा खर्च झेपेना, म्हणून ती कुटुंबं गावी गेली होती. त्यांची पानं वहीत होती, मुलं नव्हती. त्यातली काही पुन्हा कधीच भेटली नाहीत. या स्मरणिकेचा एखादा अंक त्यांच्यापर्यंत पोचला तर बरं होईल.

पेटी नंतर भंगारात गेली म्हणे. वहीचं कुणालाच ठाऊक नाही. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून वाचनालयाला काचेचं कपाट द्यायचं ठरतंय असं कळलं. माझा हिस्सा मी देतो. कुलूप मात्र नको. शाळेत किल्ली नेमकी रजेवर असलेल्या माणसाकडे असते. आणि खालचा कप्पा मुलांनी घरून लिहून आणलेल्या गोष्टींसाठी रिकामा ठेवा. आता वर्गात भोजपुरी, कन्नड, तेलुगू बोलणाऱ्या घरांतलीही मुलं आहेत. त्यांच्याकडे कावळ्याला कशावर बसवतात, ते मला वाचायचं आहे.