कार्डाची निवड ग्राहकाकडे, खर्च दुकानदाराकडे

रिझर्व्ह बँकेने ६ मार्च २०२४ रोजी काढलेल्या परिपत्रकाचे बऱ्याच जणांनी स्वागत केले. दुसऱ्या नेटवर्कची (म्हणजे कार्डाचे व्यवहार बँकांमध्ये पोहोचवणाऱ्या यंत्रणेची) कार्डे देण्यास आडकाठी होईल असा करार क्रेडिट कार्ड देणाऱ्या बँकेने कोणत्याही एका नेटवर्कशी करू नये, आणि नवे कार्ड देताना ग्राहकाला एकाहून अधिक नेटवर्कांमधून निवड करता यावी, असा त्याचा आशय आहे. निवडीची तरतूद त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाली. दहा लाखांपर्यंतच सक्रिय कार्डे असलेल्या संस्था आणि स्वतःच्याच नेटवर्कवर कार्डे देणाऱ्या कंपन्या तिच्यातून वगळल्या गेल्या. व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे, अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्स क्लब ही पाच नेटवर्के परिपत्रकात नावानिशी आहेत. पाऊल योग्यच आहे. तरीही ही स्पर्धा काउंटरच्या ज्या बाजूला आणली गेली, त्या बाजूला खर्चाचा भार मुळात नव्हताच, असे माझे ठाम मत आहे.

विक्रेते वाढले की भाव उतरतो, हा बाजाराचा नेहमीचा अनुभव. कार्डांच्या बाबतीत तो उलटा येऊ शकतो. ग्राहक कार्ड स्वाइप करतो तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून एमडीआर नावाचे शुल्क कापले जाते. त्यातला मोठा वाटा इंटरचेंज म्हणून ग्राहकाच्या, म्हणजे कार्ड देणाऱ्या, बँकेकडे जातो. उरलेल्यातून नेटवर्क आणि दुकानदाराला मशीन देणारी बँक आपापला हिस्सा घेतात. इंटरचेंजचा दर सर्वसाधारणपणे नेटवर्क ठरवते. आता दोन नेटवर्कांमध्ये बँका मिळवण्यासाठी चढाओढ लागली, तर बँक साहजिकच जास्त इंटरचेंज देणाऱ्याकडे झुकेल, आणि ग्राहक जास्त रिवॉर्ड पॉइंट देणाऱ्या कार्डाकडे. ते पॉइंटही बऱ्याच अंशी त्याच इंटरचेंजमधून येतात. सगळा खर्च सोसणाऱ्या दुकानदाराला मात्र या निवडीत कुठेच जागा नाही.

माझ्या मामांच्या घरगुती उपकरणांच्या दुकानाचा हिशेब मी पाहतो, त्यामुळे हा प्रश्न मला कागदावरचा वाटत नाही. चाळीस हजारांचा फ्रिज विकला आणि ग्राहकाने रुपे डेबिट कार्ड दिले, तर एमडीआर शून्य. तेच व्हिसाचे किंवा मास्टरकार्डचे डेबिट कार्ड असेल, तर कमाल ०.९० टक्के म्हणजे ३६० रुपये. क्रेडिट कार्ड असेल आणि दर दोन टक्के धरला, तर ८०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. फ्रिज तोच, मशीन तेच, ग्राहकही तोच. मशीनमधून निघणाऱ्या चिठ्ठीवर नेटवर्कचे नाव असते, कार्डाचे शेवटचे चार आकडे असतात, मंजुरीचा क्रमांक असतो. शुल्काचा आकडा तेवढा नसतो. रक्कम खात्यात कापूनच जमा होते, आणि त्या कपातीत बँकेचे किती व नेटवर्कचे किती, हे मामांच्या हाती येणाऱ्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

डेबिट कार्डांकडे आपल्या नियामकाने बराच आधी लक्ष दिले. २०१२ मध्ये पहिली मर्यादा आली: दोन हजारांपर्यंत ०.७५ टक्के, त्यापुढे एक टक्का. १ जानेवारी २०१८ पासून दर उलाढालीवर ठरू लागला. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला मशीनवर कमाल ०.४० टक्के आणि एका व्यवहारामागे दोनशे रुपये, इतरांना ०.९० टक्के आणि हजार रुपये. पुढे १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआय यांच्यावरचा एमडीआर कायद्यानेच शून्य झाला. हे टोकही मला पटत नाही. व्यवहार चालवण्याचा खर्च शून्य नसतो, आणि ज्या कार्डातून बँकेला दुकानदाराकडून काहीच मिळत नाही, ते कार्ड ती मनापासून पुढे का करील? क्रेडिट कार्डांवर मात्र अशी सरसकट मर्यादा आजही नाही. म्हणूनच “क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के जास्त लागतील” हे वाक्य इतक्या दुकानांत ऐकू येते. डेबिट कार्डावर असे जादा पैसे घेण्यास मनाई आहे, तरी काही ठिकाणी तेही मागितले जातात, आणि ते चुकीचेच आहे.

अमेरिकेत २०१० च्या डर्बिन दुरुस्तीने, म्हणजे डेबिट कार्डांच्या शुल्काविषयीच्या कायदेशीर तरतुदीने, निराळी वाट धरली. मोठ्या बँकांच्या डेबिट इंटरचेंजवर २१ सेंट अधिक ०.०५ टक्के अशी मर्यादा आली, हा तिचा गाजलेला भाग. मला अधिक मोलाचा वाटतो तो दुसरा भाग: प्रत्येक डेबिट कार्डावर परस्परांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्के असली पाहिजेत, आणि व्यवहार कोणत्या नेटवर्कवरून पाठवायचा हे ठरवण्यापासून दुकानदाराला कोणी रोखू शकत नाही. म्हणजे नेटवर्कला स्वस्त होण्याचे कारण तिथे खर्च सोसणाऱ्याकडूनच मिळते. याची किंमत ग्राहकांनीही मोजली. अनेक मोठ्या बँकांनी डेबिट कार्डावरची बक्षिसे बंद केली. मला ती किंमत रास्त वाटते, कारण त्या बक्षिसांचा खर्च शेवटी मालाच्या भावात मिसळतो आणि रोख पैसे देणाऱ्या माणसाकडूनही वसूल होतो. युरोपीय संघाने २०१५ च्या नियमाने इंटरचेंजला डेबिटसाठी ०.२ आणि क्रेडिटसाठी ०.३ टक्क्यांची मर्यादा घातली, आणि शुल्काची फोड व्यापाऱ्याला दाखवणे बँकांना बंधनकारक केले.

आपल्याकडे जुलै २०२३ च्या मसुद्यात डेबिट आणि प्रीपेड कार्डेही होती. अंतिम परिपत्रकात फक्त क्रेडिट कार्डे उरली. त्या मसुद्यावर रिझर्व्ह बँकेने हरकती-सूचना मागवल्या होत्या. पुढचा मसुदा येईल तेव्हा व्यापारी संघटनांनी दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एक, इंटरचेंज, नेटवर्क शुल्क आणि मशीन देणाऱ्या बँकेचा हिस्सा प्रत्येक दुकानदाराच्या मासिक विवरणात वेगवेगळा छापला जावा. दुसरी, एकाच डेबिट कार्डावर दोन नेटवर्के असावीत आणि त्यांतले कोणते वापरायचे, हे मशीनवर ठरवण्याचा अधिकार दुकानदाराला मिळावा. पहिलीसाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही, तेव्हा सुरुवात तिच्यापासून करावी.